दहा सेकंदांचा कागद

माणूस उभ्या उभ्या कोसळतो. आजूबाजूचे धावतात, कुणी तोंडावर पाणी मारते, कुणी वारा घालते, कुणी डोके मांडीवर घेते. अर्ध्या मिनिटात तो डोळे उघडतो, ओशाळून इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, "काही नाही, जरा चक्कर आली." सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग कारणे भराभर सुचू लागतात. पोट रिकामे असेल, झोप झाली नसेल, ऊन लागले असेल, कसले तरी टेन्शन असेल. पडणारी तरुण मुलगी असेल तर ती नाजूक ठरते, पडणारे आजोबा असतील तर वय झाले म्हणून सोडून दिले जाते. प्रकरण तिथेच मिटते.

बहुतेक वेळा ते मिटवणे चूक नसते, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. शुद्ध हरपण्याचे सगळ्यात मोठे कारण साधे असते. वेदना, भीती, रक्त दिसणे, कोंदट गर्दीत फार वेळ उभे राहणे, यांमुळे रक्तदाब एकाएकी उतरतो, नाडी मंदावते आणि माणूस आडवा होतो. आडवा झाला की डोक्याला रक्त मिळते आणि तो भानावर येतो. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिने आयुष्य कमी होत नाही. पण काही वेळा त्या अर्ध्या मिनिटात घडलेले असते ते वेगळेच. हृदय थांबलेले असते. किंवा इतके बेफाम पळालेले असते की त्यात रक्त भरायलाच सवड उरलेली नसते. ते आपले आपण लयीवर आले म्हणून माणूस उठून बसला. पुढच्या खेपेला येईलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला या दोन प्रसंगांत फारसा फरक दिसत नाही, आणि माझे म्हणणे इथूनच सुरू होते. शुद्ध हरपून पडलेल्या प्रत्येक माणसाचा, तो कोणत्याही वयाचा असो, बारा लीडचा एक ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा बारा बाजूंनी घेतलेला आलेख, निघाला पाहिजे. तो जाणत्या नजरेने वाचला गेला पाहिजे. पडताना ज्याने पाहिले त्याची हकीकत लिहून घेतली गेली पाहिजे, आणि पडलेल्याचे बीपी झोपवून व उभे करून दोन्ही वेळा मोजले गेले पाहिजे. एवढे झाल्याशिवाय 'चक्कर' म्हणून कुणालाही घरी पाठवू नये. डोक्याच्या स्कॅनला तर पाठवूच नये, डोक्याला मार लागल्याची किंवा मेंदूच्या बिघाडाची खूण दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

मागणी इतकी साधी आहे की ती वैचारिक लेखात करावी लागते याचेच वाईट वाटते.

आधी त्या 'चक्कर' शब्दाबद्दल बोलले पाहिजे, कारण घोळाची सुरुवात तिथे होते. आपली भाषा याबाबतीत दरिद्री नाही. भोवतालचे जग फिरते ते गरगरणे. त्याचे मूळ बहुधा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत असते. उठताना क्षणभर डोळ्यांपुढे काळे येते ती अंधारी. शुद्धच जाते ती मूर्च्छा. घेरी आणि भोवळ यांच्या मधल्या छटा जुन्या माणसांना बरोबर कळायच्या. आता या सगळ्यांवर आपण एकच 'चक्कर' पांघरली आहे. डॉक्टर विचारतात, "काय झालं?" रुग्ण म्हणतो, "चक्कर आली." केसपेपरवर 'चक्कर' लिहिले जाते आणि गरगरणे थांबवायची गोळी दिली जाते. ज्याची शुद्ध गेली होती तो आणि ज्याला खोली फिरताना दिसत होती तो, दोघे एकाच गोळीने घरी जातात. "तुमची शुद्ध गेली होती का? पडल्याचे आठवते का?" हे दोन प्रश्न विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही.

मेंदूकडे साठा नसतो, हे या विषयातले मूळ सत्य आहे. स्नायू काही काळ उधारीवर चालतात, मेंदू चालत नाही. त्याच्याकडे जाणारे रक्त थांबले की सहा ते आठ सेकंदांत शुद्ध जाते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, वरच्या बाजूला सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. विश्रांतीत तो मिनिटाला साधारण 60 ते 100 वेळा विजेचा बारीक इशारा देतो. तो इशारा वरच्या कप्प्यांतून एव्ही नोड नावाच्या मधल्या चौकीपाशी येतो, तिथे क्षणभर थबकतो आणि मग तारांसारख्या तंतूंतून खालच्या मोठ्या कप्प्यांत पसरतो. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे बिनबोभाट घडते. वय वाढले की कधी तो पुंजका थकतो आणि मध्येच काही सेकंद गप्प बसतो. कधी इशारा निघतो पण वाटेत अडतो, वरचे कप्पे आपल्या गतीने आणि खालचे आपल्या गतीने चालू लागतात. खालच्या कप्प्यांची स्वतःची गती मिनिटाला 20 ते 40 एवढीच असते, आणि ती सुरू व्हायलाही वेळ लागतो. त्या मधल्या पोकळीत माणूस पडतो. उलट बाजूला, खालच्या कप्प्यांतच विजेचे वादळ उठले की ठोके 200 च्या पुढे जातात, हृदय नुसते थरथरते आणि पुढे काहीच ढकलत नाही. परिणाम तोच, सहा ते आठ सेकंद.

म्हणजे विझतो तो दिवा मेंदूतला असतो, पण तार तुटलेली असते छातीत. ही गोष्ट नवीन नाही. डब्लिनमध्ये रॉबर्ट ॲडम्स यांनी 1827 साली अशा एका रुग्णाची हकीकत लिहिली, ज्याची नाडी विलक्षण मंद होती आणि ज्याला वारंवार मेंदूच्या झटक्यासारखे झटके येत. ॲडम्स यांनी निष्कर्ष काढला की हे झटके हा मूळ आजारच नव्हे, ते लक्षण आहे आणि आजाराचे ठाणे हृदयात आहे. 1846 साली त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी अशा आणखी रुग्णांची वर्णने केली, आणि आजही त्या झटक्यांना या दोघांचे नाव आहे. त्यांच्याकडे ईसीजी नव्हता. आइंटहोव्हन यांचे यंत्र यायला अजून निम्मे शतक उलटायचे होते. नाडीवर बोट ठेवून आणि घड्याळाकडे बघून त्यांनी जे ओळखले, ते आपण सगळी यंत्रे हाताशी असताना विसरतो.

कारण शुद्ध गेली म्हटले की आपल्या मनात डोके येते. कुटुंबाच्या मनात येते आणि डॉक्टरांच्याही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मूर्च्छेसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या 65 वर्षांवरच्या 2,106 रुग्णांच्या तपासण्यांचा हिशेब मांडला आहे. त्यांतल्या 63 टक्के लोकांच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला होता. त्या स्कॅनमुळे निदान किंवा उपचार बदलले असे शंभरात पाच रुग्णही निघाले नाहीत. आणि ज्या तपासणीतून सगळ्यात जास्त माहिती हाती आली, ती म्हणजे उभे करून बीपी मोजणे, ती झाली होती फक्त 38 टक्के लोकांची. बीपीचा पट्टा प्रत्येक वॉर्डात असतो. वरचा आकडा तीन मिनिटांत 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर उत्तर मिळून जाते. पण त्या तपासणीचा रंगीत फोटो निघत नाही आणि जाडजूड फाइलही मिळत नाही, त्यामुळे ती करून घेतल्याचे समाधान कुणालाच लाभत नाही. 2012 मध्ये 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने अनावश्यक तपासण्यांची यादी काढली, तेव्हा साध्या मूर्च्छेनंतर मेंदूचा स्कॅन करू नका हे कलम त्यात मुद्दाम घातले. जे कलम लिहून काढावे लागते ते सर्रास मोडले जात असते, असेच समजायचे.

नातेवाईकांना मी दोष देत नाही. आपला माणूस डोळ्यांदेखत निपचित पडलेला पाहिल्यावर "डोक्याचं काही नाही ना?" हेच तोंडी येणार. पण स्कॅन नॉर्मल आला की सगळे निर्धास्त होतात, ते खरे धोक्याचे. छातीतल्या तुटक्या तारेबद्दल डोक्याचा फोटो काहीच सांगत नसतो.

यापेक्षाही ज्याने मी अस्वस्थ होते तो प्रकार म्हणजे मूर्च्छेला फिट समजणे. कोसळलेल्या माणसाचे हातपाय झटकले गेले, डोळे वर गेले, की पाहणारे म्हणतात 'फिट आली'. हा समज किती चुकीचा आहे ते 1994 साली जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात दिसले. निरोगी स्वयंसेवकांना काही क्षण शुद्ध जाईल असे करून त्यांचे व्हिडिओ काढले. पूर्ण शुद्ध गेल्याचे 42 प्रसंग नोंदले गेले. त्यांतल्या 90 टक्के प्रसंगांत हातापायांना झटके आले, आणि बहुतेकांचे डोळे उघडे होते. ही सगळी धडधाकट माणसे होती. मेंदूला रक्त कमी पडले की अंग झटकले जातेच. फिट ओळखायची ती जिभेच्या कडेला चावा बसला का, झटके मिनिटभर किंवा जास्त चालले का, नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला होता का, यावरून. मूर्च्छेत माणूस पांढराफटक पडतो, झटके असले तरी काही सेकंदांचे असतात, आणि जागा होतो तो जवळजवळ लगेच, आपण कुठे आहोत हे ओळखत.

हा फरक न केल्याची किंमत मोठी आहे. इंग्लंडमध्ये 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिरगीचे निदान झालेल्या, पण झटके न थांबणाऱ्या किंवा निदानाबद्दल शंका असलेल्या 74 जणांची रक्ताभिसरणाच्या अंगाने फेरतपासणी केली. 31 जणांत झटक्यांचे दुसरेच कारण सापडले. फिटच्या गोळ्या घेत असलेल्या 36 जणांपैकी 13 जण असे होते. म्हणजे ही माणसे भलत्याच आजाराची गोळी रोज गिळत होती, आणि खरा आजार बिनउपचार चालू होता. मिरगीचा शिक्का बसला की गाडी चालवणे, नोकरी, लग्न, सगळ्यांत तो आडवा येतो, हे सांगायला नको. पण त्या शिक्क्याखाली हृदयाचा दोष झाकला जातो तेव्हा नुसते आयुष्य अडत नाही, जिवावर बेतते.

इथे लांब क्यूटीच्या दोषाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण माझा खरा जीव याच मुलांत अडकला आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हाव्या लागतात. ईसीजीवर तो काळ क्यूटी या अंतराने मोजतात. काही कुटुंबांत जन्मतःच हा काळ लांबलेला असतो. हृदयाची रचना अगदी चांगली असते, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काही दिसत नाही, मूल हसतेखेळते असते. पण नेमक्या वाईट क्षणी नवा इशारा आला तर ठोक्यांचे वादळ उठते आणि मूल कोसळते. 1957 साली नॉर्वेतल्या येरवेल आणि लांगे-नीलसेन या डॉक्टरांनी एका कुटुंबाचे वर्णन प्रसिद्ध केले. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती, चौघांनाही मूर्च्छा येत आणि चौघांचाही क्यूटी लांब होता. त्यांतली तीन बालपणीच अचानक गेली. पुढे बहिरेपण नसलेला, जास्त आढळणारा प्रकारही सापडला. सुमारे दोन हजारांत एकाला हा दोष असतो.

या दोषाची गंमत म्हणावी की क्रौर्य, त्याच्या वेगवेगळ्या प्रकारांना वेगवेगळे निमित्त लागते. एका प्रकारात मूल धावताना, विशेषतः पोहताना कोसळते. दुसऱ्यात गजराच्या किंवा फोनच्या अचानक आवाजाने. तिसऱ्यात झोपेत. आता विचार करा, शाळेच्या मैदानावर शर्यत ऐन रंगात असताना एक मुलगी पडते. उठते. कुणीतरी तिला सावलीत बसवते, 'सकाळी नीट खाल्लं नसेल' असे म्हणते. महिन्याने ती पुन्हा पडते. आता तिला घाबरट म्हणतात, किंवा तिचे लक्ष वेधून घेणे चालले आहे असे म्हणतात. तिसऱ्यांदा हातपाय झटकले जातात आणि फिटच्या गोळ्या सुरू होतात. या सगळ्यात तिच्या छातीवर चार तारा लावून कागद काढावा असे कुणाला सुचत नाही. सुचले असते तर दोष वेळीच सापडू शकला असता. बीटा ब्लॉकर नावाच्या जुन्या, साध्या गोळीने या दोषाच्या अनेक मुलांमधला धोका खूप खाली येतो. धावताना येणारी मूर्च्छा आणि शर्यत संपवून थांबल्यावर येणारी मूर्च्छा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत असलेच पाहिजे. थांबल्यावरची बहुधा साधी असते. धावण्याच्या भरातली मूर्च्छा हृदयाची समजूनच पुढची पावले टाकायची, आणि ईसीजी वाचला जाईपर्यंत त्या मुलाला मैदानात उतरवायचे नाही.

सरसकट सगळ्या मुलांचे ईसीजी काढावेत का, हा वेगळा वाद आहे. इटलीने 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजी सक्तीचा केला, आणि तिथल्या व्हेनेटो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू 89 टक्क्यांनी घटल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. त्यावर उलटसुलट बरेच लिहिले गेले आहे, निरोगी मुलांना उगाच रोगी ठरवण्याची भीती खरी आहे. मी तो वाद इथे उकरत नाही. हजारो निरोगी मुलांत एक दोषी ठोका शोधणे अवघड असेल. पण जो कोसळला त्याने तर स्वतःच हात वर केलेला असतो.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत वेगळाच अन्याय होतो. पडल्यावर ती म्हणतात, "पाय घसरला." ती खोटे बोलत नसतात. क्षणभर शुद्ध गेली होती हेच अनेकांना नंतर आठवत नाही, मग मन आपले आपण एक कारण जुळवते. खुब्याचे हाड मोडलेले असते, ते उत्तम जोडले जाते, काठी दिली जाते, घरातल्या फरशीवर रबरी चटई अंथरली जाते. पण ती व्यक्ती कोरड्या, सपाट जागी, काहीही आड आलेले नसताना का पडली, हे कुणी विचारत नाही. नाडी चाळिशीच्या खाली असते आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. घेत असलेल्या औषधांची यादीही कुणी मागत नाही. ठोके मंदावणारी, बीपी उतरवणारी, क्यूटी लांबवणारी औषधे एकाच डब्यात सापडतात, कारण ती तीन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली असतात. काही प्रतिजैविके, मनोविकारांवरची काही औषधे क्यूटी लांबवतात. टर्फेनाडिन नावाची ॲलर्जीवरची लोकप्रिय गोळी याच कारणाने बाजारातून गेली.

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की साध्या भोवळीला हृदयाशी जोडून लोकांना घाबरवू नका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या प्रसिद्ध अभ्यासात 7,814 लोकांवर सरासरी सतरा वर्षे लक्ष ठेवले. 822 जणांना मूर्च्छा आली. त्यांतल्या सुमारे 21 टक्के जणांची साधी, प्रतिक्षिप्त प्रकारची होती आणि त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांइतकाच राहिला. हृदयामुळे मूर्च्छा आलेले होते 9.5 टक्के, आणि त्यांचा धोका दुप्पट. हे आकडे मी आक्षेप घेणाऱ्यांच्याच बाजूने वाचते: दहांतल्या नऊ जणांचे कारण हृदयात सापडले नाही, त्यांना घाबरवायचे कारण काय? पण त्याच अभ्यासात तिसरा आकडा आहे. 36.6 टक्के जणांचे कारणच कळले नाही, आणि त्यांचाही धोका सुमारे एकतृतीयांशाने जास्त निघाला. त्या 'कळले नाही' या कप्प्यात हृदयाचे रुग्ण दडलेले नसतील असे मला वाटत नाही. शिवाय भीती घालवायची असेल तर ती कशाने जाते? 'काही नसेल हो' या शब्दांनी जाते, की ईसीजी आणि हकीकत दोन्ही तपासून 'तुमची भोवळ साधी आहे, पाणी भरपूर प्या, अंधारी आली की लगेच आडवे व्हा, पायाची आढी घालून मांड्या आवळा' असे कुणी नीट सांगितल्याने जाते?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय निर्दोष ठरत नाही, मग त्या कागदाचा एवढा आग्रह कशाला? खरे आहे. नेहमीच्या ईसीजीत पकडले जातात 10 सेकंद, आणि दिवसात सेकंद असतात 86,400. ठोके बिघडवून लयीवर परतलेले हृदय त्या दहा सेकंदांत साळसूद दिसू शकते. व्यायामाने किंवा भावनेच्या उद्रेकाने वादळ उठणाऱ्या एका वंशपरंपरागत दोषात तर झोपून काढलेला ईसीजी निर्मळ असतो. पण विजेच्या तारांतला कायमचा बिघाड, जादाची वाट, लांबलेला क्यूटी, हृदयरोगतज्ज्ञ ब्रुगाडा बंधूंनी 1992 साली वर्णन केलेली ती विशिष्ट उंचवट्याची खूण, जाड झालेल्या हृदयाचे ताण, हे त्या दहा सेकंदांतही दिसते. आणि कागद नॉर्मल असूनही हकीकत संशयास्पद असेल तर तिथे थांबायचे नसते. चुकते ते हे, की एक दिवसाचे होल्टर, म्हणजे अंगावर बांधून चोवीस तास ठोके टिपणारे यंत्र, लावले जाते, ते नॉर्मल येते आणि 'हृदयाचे काही नाही' असा निकाल दिला जातो. सहा महिन्यांतून एकदा येणारी मूर्च्छा नेमकी त्याच चोवीस तासांत कशी येणार? त्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवायचा चिमुकला लूप रेकॉर्डर आहे, तो सुमारे तीन वर्षे ठोके टिपत राहतो. कॅनडात 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कारण न सापडलेल्या मूर्च्छेच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला असे यंत्र बसवले, दुसऱ्याच्या रूढ तपासण्या केल्या. यंत्राने 52 टक्के रुग्णांत निदान झाले, रूढ तपासण्यांनी 20 टक्के. प्रत्येकाला ते बसवा असे मी म्हणत नाही. ज्याला काहीच पूर्वसूचना न मिळता मूर्च्छा येते, जो तोंड फोडून घेतो, ज्याला बसल्या किंवा झोपल्या जागी ती येते, आधी छातीत धडधड होते, ज्याच्या घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेले आहे, त्याला मात्र एका दिवसाच्या होल्टरवर परत पाठवू नका.

आणि तिसरी अडचण कुणी फारशी काढत नाही, ती मीच काढते. कागद निघतो, पण वाचतो कोण? यंत्र वर छापते 'नॉर्मल', तेवढे वाचून कागद फाइलला लागतो. 2005 साली बारा देशांतल्या 902 डॉक्टरांना काही ईसीजी दाखवून क्यूटी लांब आहे की नाही एवढेच विचारले. सगळे बरोबर ओळखणारे, या विषयाला वाहिलेल्या तज्ज्ञांत 96 टक्के होते, ठोक्यांच्या तज्ज्ञांत 62 टक्के, आणि इतर हृदयरोगतज्ज्ञांत व बाकीच्या डॉक्टरांत 25 टक्क्यांपेक्षाही कमी. हा आकडा वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. डॉक्टरांना नावे ठेवायला मी हा आकडा देत नाही. मूर्च्छेनंतरच्या ईसीजीवर क्यूटी हाताने, पट्टी लावून मोजण्याची सक्ती करा, आणि संशय आला की तो कागद फोनवरून जाणत्याकडे पाठवण्याची रीत बसवा, असे मला म्हणायचे आहे. कागदाचा फोटो काढून पाठवायला आता लागतोच किती वेळ?

निदान झाल्यावर काय मिळते हेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे सगळे नुसत्या भीतीचे बोलणे वाटेल. आर्ने लार्सन या स्वीडिश माणसाला दिवसातून वीस-तीस वेळा स्टोक्स-ॲडम्सचे झटके येत होते. त्याच्या बायकोने, एल्स-मारी यांनी, शल्यविशारद ऑके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागे लागून अजून पुरते सिद्धही न झालेले यंत्र करून घेतले. 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्टॉकहोममध्ये लार्सन यांच्या शरीरात, पूर्णपणे शरीराच्या आत राहणारा जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासच चालला. दुसरा बसवला. असे करत आयुष्यात एकूण 26 पेसमेकर झाले. लार्सन 2001 साली वारले, वयाच्या 86 व्या वर्षी, कर्करोगाने. तो डॉक्टर आणि तो अभियंता, दोघेही त्यांच्या आधी गेले होते. त्यांना वाचवायला जे यंत्र जन्माला घालावे लागले, ते आज तासाभराच्या शस्त्रक्रियेत बसते आणि पुढची कित्येक वर्षे बदलावे लागत नाही. ठोके मंदावून येणाऱ्या मूर्च्छेइतका नेमका इलाज वैद्यकात फार थोड्या आजारांना आहे. तो इलाज तयार असून रुग्ण गरगरण्याच्या गोळ्या खात बसतो, हे मला सहन होत नाही.

पाहणाऱ्यांकडूनही माझी मागणी आहे. कुणी कोसळले तर आधी श्वास बघा. श्वास नसेल, किंवा नुसते आचके येत असतील, तर ती मूर्च्छा नाही, हृदय बंद पडले आहे. रुग्णवाहिका बोलवा आणि तत्काळ छाती दाबायला लागा. श्वास चालू असेल तर आडवे राहू द्या, उठवून बसवू नका, पाय वर करा, नाडी बघा आणि घड्याळ बघा. जमले तर फोनवर चित्रण करा, यात लाज किंवा अपमान काही नाही, डॉक्टरांना त्याहून मोलाचा पुरावा मिळत नाही. आणि मग त्या माणसाबरोबर दवाखान्यात स्वतः जा. ज्याची शुद्ध गेली होती त्याला त्या अर्ध्या मिनिटाबद्दल काहीही सांगता येत नाही. ते तुम्हीच पाहिलेले असते.

घरी पाठवताना त्या ईसीजीची प्रत रुग्णाच्या हाती दिली जावी, आणि सोबतच्या कागदावर 'चक्कर' या एका शब्दाऐवजी तो पडताना काय करत होता, किती वेळ शुद्ध नव्हती, रंग कसा होता, कुणी पाहिले, हे चार ओळींत लिहिलेले असावे. पुढच्या डॉक्टरला तुलना करायला काहीतरी हवे असते. आणि त्या कागदावर वंशपरंपरागत दोष निघाला तर काम एका रुग्णावर संपत नाही. लांब क्यूटीच्या नेहमीच्या प्रकारात, आईवडिलांपैकी एकाकडून आलेला तोच दोष प्रत्येक सख्ख्या भावंडात असण्याची शक्यता निम्मी असते. त्यांना बोलावून त्यांचेही ईसीजी काढायला हवेत, आईचा आणि वडिलांचाही. त्यांच्यातल्या कुणालाही अजून चक्कर आलेली नसते.